तुम्ही विचारलंत म्हणून: कलम कोणतं?

"वकीलसाहेब, गाडीत झोपायला बंदी आहे ना? त्याचं कलम कोणतं?"

दसरा झाला की हा प्रश्न ठरलेला. बीडला बार्शी नाक्याच्या पुढे आमची कॉलनी. फाटकाशेजारी मोकळा प्लॉट आहे, तिथे दरवर्षी एक जुना छोटा हत्ती येऊन थांबतो. घिसाड्याचं, म्हणजे फिरत्या लोहाराचं, बिऱ्हाड. नवरा, बायको, म्हातारी आणि तीन लेकरं. पूर्वी बैलगाडी असायची, आता टेम्पो. विचारणारे आमचे सेक्रेटरी असतात, नाहीतर समोरचे रिटायर्ड काका. दरवेळी फाटकात उभं राहून अर्धवट उत्तर देतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

गाडीत झोपू नये असं सरळ सांगणारं कलम मला तरी आपल्याकडे सापडलेलं नाही. जवळची दोन सापडतात आणि गंमत म्हणजे दोन्हींचा नंबर १२२. मोटार वाहन कायद्यातलं १२२ म्हणतं, गाडी अशी उभी करू नका की इतरांना धोका, अडथळा किंवा नाहक त्रास होईल. यात झोपेचा संबंध नाही. आत माणूस जागा असो नाहीतर घोरत असो, प्रश्न गाडी कुठे उभी आहे एवढाच. दुसरं १२२ महाराष्ट्र पोलीस कायद्यातलं, १९५१ चं. सूर्यास्त ते सूर्योदय रस्त्यावर पडून असलेला किंवा घुटमळणारा माणूस त्यात येतो. पण तो नामचीन चोर असला पाहिजे आणि तिथे का आहे हे त्याला धड सांगता आलं नाही पाहिजे. सेक्रेटरींना मनातून हवं असतं ते हे दुसरं. भटक्या म्हणजे चोर, हा हिशेब इंग्रजांनी १८७१ मध्ये कायद्यातच लिहून ठेवला होता. तो कायदा १९५२ साली गेला, हिशेब काही गेला नाही.

टोइंगचंही विचारतात. कलम १२७. दहा तास किंवा जास्त बेवारस उभी असलेली गाडी पोलिसांना उचलून नेता येते. नो पार्किंगमध्ये असेल तर तेवढीही वाट बघावी लागत नाही. पण सहा माणसं जिच्यात झोपलीत, ती गाडी बेवारस कशी म्हणणार?

भाचा लॉस एंजेलिसला असतो. तो म्हणाला, मामा, इथे तर नियमच आहे. होता खरा. १९८३ पासून त्या शहरात रस्त्यावरच्या गाडीचा 'राहण्याची जागा' म्हणून वापर करायला बंदी होती. २०१४ साली तिथल्या फेडरल अपील कोर्टाने तो नियम मोडीत काढला. कारण असं, की नेमकं काय केलं की माणूस गाडीत 'राहतो' हेच नियमावरून कळत नव्हतं. मागच्या सीटवर पांघरूण आणि खाण्याचा डबा असणं म्हणजे राहणं का? मग शहराने शब्द सोडून नकाशा धरला. २०१७ च्या सुरुवातीला राहत्या वस्तीच्या रस्त्यांवर रात्री नऊ ते सकाळी सहा बंदी घातली, आणि शाळा-बागांच्या आसपास चोवीस तास.

'राहणं' म्हणजे काय हा घोळ आपल्या कॉलनीतही आहेच. गेल्या लग्नसराईत पाहुण्यांचे ड्रायव्हर तीन रात्री इनोव्हात झोपले. फाटकासमोरच. त्यांना आपण चहा नेऊन दिला.

सेक्रेटरींच्या आग्रहाखातर एकदा रात्री दहाला टेम्पो बघायला गेलो. म्हातारी केबिनमध्ये आडवी, पाय खिडकीतून बाहेर. मागे ताडपत्रीखाली लेकरं. चाकाखाली दगडाऐवजी ऐरण लावलेली. बाजूला हाताने फिरवायचा भाता, आणि पोत्यावर ओळीने मांडलेल्या विळ्या, खुरपी, कोयते. मी एक कोयता उचलून तळहातावर तोलला. नकळतच. माणूस म्हणाला, "कोणत्या कारखान्याला जायलेत?" म्हटलं, मी नाही, आई-वडील जायचे ऊसतोडीला. मुकादमाच्या वहीत ते दोघं मिळून एक कोयता. तिसरीत असताना मी त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर झोपून सांगलीकडे गेलोय. वाटेत रस्त्याकडेला ट्रॉली थांबायची, तेव्हा कुणी कलम विचारल्याचं आठवत नाही. साखरेला माणसं लागतात.

यावर निवारागृहाचा मुद्दा येतो. शहरात लाखामागे एक निवारा हवा असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राज्यांना बजावलं. २०११ च्या जनगणनेत बीड दीड लाखाच्या आतच होतं, म्हणजे एक तरी हवाच. पण तिथे खाट मिळेल, ऐरण कुठे ठेवणार? टेम्पो बाहेर सोडून हा माणूस आत झोपला, तर गाडी खरोखरच बेवारस होईल. फुटपाथवाल्यांच्या खटल्यात १९८५ साली हेच कोर्ट म्हणालं होतं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. फुटपाथ मात्र कायमचा देऊन टाकला नव्हता. कायद्याने हटवता येतं, एवढं सेक्रेटरींना आवडेल असं मी सांगून ठेवतो.

त्या रात्री मी घिसाड्याला फक्त म्हणालो, फाटकातून गाड्या वळत नाहीत, टेम्पो जरा प्लॉटच्या कडेला घ्या. त्याने म्हातारीला न उठवता ऐरण काढली आणि त्याची बायको नि मी मिळून टेम्पो ढकलला. पाच मिनिटांचं काम.

सेक्रेटरींना ते पटलं नाही. त्यांना अजून नंबर हवाय. १२२ म्हटलं तर कोणत्या कायद्यातलं हे ते विचारणार नाहीत, म्हणून मी सांगत नाही.