पेंटरकाका आणि उलट्या वेलांट्या

आरसी गाडीची, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीची, बॉडी बाहेरून रंगवत नाहीत, हे दुकानात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. हेल्मेटची काच आणि सीडी ज्या प्लास्टिकची असते, त्याच पॉलिकार्बोनेटची ही बॉडी. जेमतेम मिलिमीटरभर जाड आणि आरपार दिसणारी. रंग आतून द्यायचा. मग गाडी दगडावर कितीही घासू दे, ओरखडा प्लास्टिकवर पडतो, रंग शाबूत राहतो. फक्त यामुळे कामाचा सगळा क्रम उलटा होतो. पहिला हात माराल तोच बाहेरून दिसणार, म्हणून बारीकसारीक काम आधी आणि मोठा रंग शेवटी. अक्षरं असली तर तीही आरशातल्यासारखी.

अक्षरांसाठी माझ्याकडे प्लॉटर आहे, कॉम्प्युटरवरून अक्षरं कापून देणारं मशीन. व्हिनाइलची स्टेन्सिल कापायची, आतून चिकटवायची, एअरब्रश, म्हणजे हवेने रंग फवारणारं पेन, फिरवायचा, झालं. गेल्या पावसाळ्यात कराडकडचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ आले. मुलाला वाढदिवसाला १/१० स्केलचा क्रॉलर, म्हणजे दगडधोंड्यांवर चढणारी आरसी गाडी, घेतलेला, त्यावर पिकअपची बॉडी. ती त्यांना आपल्या पहिल्या टाटा ४०७ सारखी रंगवून हवी होती. गडद निळा रंग, कपाळावर पिवळ्या अक्षरांत ‘आईचा आशीर्वाद’, अक्षरांना लाल सावली, मागे ‘पुन्हा भेटू’. मी कॉम्प्युटरवर पाच-सहा फॉन्ट काढून दाखवले. शेठ प्रत्येकाला मान हलवत होते, नकारार्थी.

“असलं छापील नको हो. आमच्या पेंटरचं अक्षर पाहिजे.”

“मग त्या अक्षराचा फोटो द्या, मी स्टेन्सिल करतो.”

“गाडी कधीच भंगारात गेली. फोटो कुठला? मी पेंटरलाच घेऊन येतो.”

आणि खरोखरच घेऊन आले. काका सत्तरीच्या पुढचे, पांढरा लेंगा-सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीत ब्रश, ऑइलपेंटचे डबे आणि टर्पेंटाइनची बाटली. डबे बघूनच माझ्या पोटात गोळा आला. ऑइलपेंट या प्लास्टिकला धरत नाही. वाळल्यावर दिसतो छान, पण बॉडी पहिल्यांदा वाकली की पापुद्रे सुटतात. थिनर तर त्याहून वाईट. त्याने प्लास्टिक पांढुरकं होतं आणि केसासारख्या चिरा पडतात. अशा वेळी दाखवायला मी ऑइलपेंट दिलेला एक कापलेला तुकडा ठेवलेला असतो. तो काकांच्या हातात दिला. त्यांनी दोन बोटांत धरून वाकवला, रंगाच्या खपल्या लेंग्यावर पडल्या. काही न बोलता डबे परत पिशवीत गेले.

मी त्यांना एअरब्रशचा पाण्यात मिसळणारा, पॉलिकार्बोनेटसाठीच बनवलेला रंग दिला. एका तुकड्यावर त्यांनी दोन रेघा ओढून पाहिल्या.

“लवकर सुकतोय. ब्रश ओढतोय मालक.”

रंग सावकाश सुकवणारं रिटार्डर थोडं घातलं, तेव्हा हात मोकळा झाला.

बॉडी मी आदल्या दिवशीच भांड्यांच्या साबणाने धुऊन ठेवली होती. साच्यातून काढताना राहिलेला तेलकटपणा गेला नाही तर कुठलाच रंग टिकत नाही. काचा आतून मास्किंग टेपने झाकलेल्या, बाहेरून कंपनीची फिल्म तशीच. अक्षरं उलटी काढायला लागतील, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर काका म्हणाले, “दवाखान्यांच्या दारावर डॉक्टरांची नावं कशी लिहीत होतो मग? काचेच्या आतूनच की. बाहेरून लिहिलं तर पोरं नखाने खरवडतात.”

बॉडी उलटी करून त्यांनी परातीसारखी मांडीवर घेतली. पेंटर लिहिताना हाताखाली धरतात ती काठी टेकवायला आत जागाच नव्हती, म्हणून करंगळी प्लास्टिकच्या कडेला टेकवली. पेन्सिलची खूण नाही, मोजमाप नाही. उजवीकडून डावीकडे शिरोरेषा ओढली आणि तिला अक्षरं टांगत निघाले. ‘शी’पाशी मी बघत होतो. दीर्घ वेलांटी आरशात ऱ्हस्वासारखी दिसते, काना आधी येतो, शिवाय पुढे रफार आहे. काकांचा ब्रश तिथे जराही अडखळला नाही. अडखळलो मी, मनातल्या मनात वाचताना.

पिवळं सुकलं तसा त्यांनी हात पुढे केला.

“पांढरा द्या.”

“पांढरा?”

“पिवळ्यामागे पांढरा नको? नाहीतर निळा खाईल त्याला.”

मी हेच सांगणार होतो. पिवळा मुळातच पातळ पडणारा रंग. त्याच्यामागे थेट निळा आला की बाहेरून हिरवट मळकं दिसतं. नवशिक्या पोरांना हे समजायला दोन-चार बॉड्या वाया घालवाव्या लागतात. काकांनी या प्लास्टिकला पहिल्यांदाच हात लावलेला, पण काच आयुष्यभर रंगवलेली. लाल सावली देताना तर ते मजेत होते. बाहेरून लिहिताना सावली अक्षराच्या कडेला बेताने टेकवावी लागते. इथे ती खुशाल अक्षराच्या पाठीवर गेली तरी चालते, कारण बाहेरून पिवळंच दिसणार.

निळा मी मारला. पावसाळी हवेत स्प्रेच्या डब्यातला रंग दमट होऊन त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून एअरब्रशच वापरला. पातळ पातळ हात आणि मधे हेअर ड्रायर. निळ्यामागे पांढरा, सगळ्यात शेवटी काळा.

मागच्या फळीवर ‘पुन्हा भेटू’खाली कोपऱ्यात काहीतरी बारीक दिसत होतं. फिल्म काढल्यावर कळलं. काकांनी आपलं नाव, ‘पेंटर’ आणि मोबाइल नंबर लिहिला होता. तांदळाच्या दाण्याएवढे आकडे, बाहेरून अगदी सरळ. शेठ म्हणाले, “अहो, खेळण्यावर कशाला नंबर?” काका म्हणाले, “तुमच्या ४०७ वर पण होता.”

बिलात मी रंगकामाचे लावले, काकांनी अक्षरागणिक लावले. शेठनी दोन्हीकडे घासाघीस केली आणि दोन्हीकडे हरले. पुढे पुण्यात क्रॉलरवाल्यांच्या एका रविवारी तो मुलगा गाडी घेऊन आला. जिमचा बोर्ड रंगवून हवा असलेल्या एकाने टपावर उलटलेल्या गाडीवरून नंबर टिपून घेतला, आणि काकांना नवीन काम मिळालं. माझ्या बॉडीवर अजून कोणी माझा नंबर विचारलेला नाही.