मंगळवारचा मॅटिनी

शनिवार, रात्री

नातवाला आणि त्याच्या दोन मित्रांना आज दुपारी बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅममधल्या एएमसी मल्टिप्लेक्समध्ये सोडलं. "आजी, तू घरी जा, संपलं की मेसेज करतो," म्हणाला. म्हणजे मला दोन फेऱ्या. त्यापेक्षा मी तिथेच गाडी लावली आणि बसून राहिले. थर्मासमध्ये चहा होता.

बसल्या बसल्या डोक्यात खूळ शिरलं. पूर्वी इथे शॉपर्स वर्ल्ड नावाचं शॉपिंग सेंटर होतं, त्यातलं आपलं जुनं थिएटर ह्यात नेमकं कुठे होतं? एकीकडे रूट ९, दुसरीकडे रूट ३०, एवढ्या दोनच गोष्टी जागच्या जागी आहेत. मध्ये सगळं पार्किंग आणि खोक्यांसारखी मोठमोठी दुकानं. उतरून थोडी चालले. शेवटी एका दिव्याच्या खांबापाशी थांबले आणि इथेच असावं असं ठरवून टाकलं. तपासायला कोण येतंय!

जुन्या शॉपर्स वर्ल्डचं नाव काढलं की इथली वयस्क माणसं जॉर्डन मार्श ह्या दुकानाच्या डोमबद्दल बोलायला लागतात. १९५१ साली हे सेंटर उघडलं. दुमजली दुकानांच्या रांगा, मध्ये हिरवळ, आणि त्या भल्यामोठ्या दुकानाचा घुमट, उडती तबकडी येऊन बसावी तसा. १९९४ मध्ये सगळं पाडलं, त्याची चुटपुट लोकांना अजून आहे. थिएटरसाठी मात्र कोणी हळहळत नाही. वास्तविक उपनगरातल्या शॉपिंग सेंटरमध्ये बांधलेल्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या थिएटरांपैकी ते एक. ड्राइव्ह-इन थिएटरं चालवणाऱ्या स्मिथ कुटुंबाने ते काढलं, त्यांचीच पुढे जनरल सिनेमा कंपनी झाली. हिशेब सरळ होता. दुकानं संध्याकाळी बंद होतात, मग गाड्या लावायची एवढी जागा रात्री ओस का ठेवायची?

मी मात्र तिथे रात्री क्वचितच गेले. माझा वार मंगळवार आणि वेळ दुपारची.

१९८४ साली डोंबिवलीहून आले तेव्हा मला इथे नोकरीची परवानगी नव्हती. ह्यांचं ऑफिस रूट ९ वरच. तेव्हा ह्या रस्त्याला सगळा मिनीकॉम्प्युटरवाल्यांचा शेजार, नॅटिकला प्राइम, वेस्टबरोला डेटा जनरल. गाडी घरात एकच. मंगळवारी हे मला दुपारी जेवणाच्या सुट्टीत शॉपर्स वर्ल्डला सोडायचे आणि ऑफिस सुटलं की न्यायला यायचे. मधले चार-पाच तास करायचं काय? दुकानांतून नुसतं फिरलं तरी विक्रेत्या मुली गोड हसून "मदत करू का?" विचारायच्या, आणि मला तेवढ्यानेही ओशाळल्यासारखं व्हायचं. पर्समध्ये मोजकेच डॉलर. थिएटरात मात्र एकदा तिकीट घेतलं की दोन तास कोणी काही विचारत नसे. दुपारचा खेळ स्वस्त असायचा. आत मी, दोन-चार पेन्शनर, आणि बहुतेक वेळा कोणीतरी घोरत असायचं.

थिएटर तोवर जुनं झालं होतं. एका मोठ्या हॉलचे तुकडे करून लहान लहान पडदे केलेले. आपल्या पडद्यावर नायिका हळूच रडत असावी आणि भिंतीपलीकडून हाणामारी ऐकू यावी, असं नेहमीचं. सिनेमा सुरू होण्याआधी जनरल सिनेमाचं ते प्रोजेक्टरसारखं दिसणारं चिन्ह यायचं, उसळत्या संगीतावर. ती धून मला आजही गुणगुणता येते. तिथे पाहिलेल्या निम्म्या सिनेमांची नावं मात्र विचारू नका. इंग्रजी सिनेमातल्या मारामारीपेक्षा मला स्वयंपाकघरातले प्रसंग आवडायचे. भांडी कुठे ठेवतात, फोनवर बोलताना काय म्हणतात, "नाही" न म्हणता नकार कसा देतात, हे मी तिथे शिकले.

सगळ्यात विचित्र वाटायचं ते बाहेर पडताना. डोंबिवलीला टिळक टॉकीजचा मॅटिनी सुटला की उन्हाने डोळे दिपायचे, क्षणभर रस्ता दिसायचा नाही. इथे डिसेंबरात साडेचारलाच काळोख. अंधारातून उठायचं आणि अंधारातच यायचं, वर बर्फाचा वारा. दुकानांपुढच्या वाटांना छप्पर होतं, बाजू उघड्या. शेजारचा नॅटिक मॉल बंदिस्त आणि उबदार, तर गिऱ्हाईक तिकडे का जाणार नाही? घुमटासाठी हळहळणारे जानेवारीत खरेदीला कुठे जायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

१९९० नंतर सासूबाई आल्या होत्या. अ‍ॅशलंडचं लक्ष्मीचं देऊळ नुकतंच झालं होतं, तिथून परतताना म्हणाल्या, "तुझं ते थिएटर दाखव की गं." इंग्रजीचा गंध नाही, पण बाई सगळा सिनेमा टक लावून बघत होत्या. अधूनमधून माझ्या कानाशी येऊन, "मध्यंतर कधी आहे?" मी म्हटलं, "आई, इथे मध्यंतर नसतं." त्यांना ते काही केल्या पटेना. सिनेमा संपून दिवे लागले तरी उठेनात. म्हणाल्या, "आता बाकीचा अर्धा." पर्समधून रुमालात गुंडाळलेले बटाटेवडे निघाले. सकाळीच तळून ठेवले होते, मला पत्ता नाही. गाडीत बसून खाल्ले, काचांवर वाफ धरेपर्यंत.

तेव्हा मी नोकरी करत होते, मंगळवार कधीच संपले होते. पाडलं तेव्हा बघायलासुद्धा गेले नाही. आणि गंमत अशी की त्याच जागेवर नवं मल्टिप्लेक्स बांधलं तेही जनरल सिनेमानेच. पुढे कंपनीचं दिवाळं निघालं आणि २००२ मध्ये एएमसीने ती घेतली. म्हणजे नातू आज बसला होता ते माझ्या थिएटरचं वारसदारच म्हणायचं, आडनाव बदललेलं.

पावणेपाचला पोरं बाहेर आली. लख्ख ऊन होतं. मी विचारलं, "कसा होता?" बाकीचे दोघे एकदम बोलायला लागले. आमचा नातू डोळे चोळत होता. खुर्ची पार मागे जाते म्हणे, पाय वर करून झोपता येतं. निम्मा सिनेमा त्याने झोपेत काढला.