लग्न झालं, तरी बायको नाही

मे २०२१ मध्ये कोरोनामुळे अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना दार लावलं. माझा होणारा नवरा न्यू जर्सीत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी नाशकात. हॉल दोनदा ठरवून दोनदा सोडला होता. तेव्हा त्याच्या मित्राने अमेरिकेच्या युटा राज्यातल्या युटा काउंटीच्या ऑनलाइन लग्नाचं सांगितलं. अर्ज ऑनलाइन, लग्न लावणारी व्यक्ती तिकडे युटात, वधू-वर जगात कुठेही.

जुलैत लागलं. युटात सकाळचे साडेनऊ, आमचे रात्रीचे नऊ. दोन साक्षीदार आणि झूम. आजोबा म्हणाले, "पूर्वी संस्थानिक नवऱ्याऐवजी तलवार पाठवायचे, आता लॅपटॉप आला." सर्टिफिकेट आलं, ते परदेशात चालावं म्हणून त्यावर अपोस्टिलचा सरकारी दाखलाही करून घेतला. मला वाटलं, आता एच-फोरचा, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या बायकोच्या व्हिसाचा, फॉर्म भरायचा की झालं.

वकीलबाईंनी थांबवलं. अमेरिकेच्या १९५२च्या इमिग्रेशन कायद्यात व्याख्याच आहे: विधीच्या वेळी दोघं एकमेकांसमोर हजर नसतील, तर ते पती-पत्नी धरले जात नाहीत, नंतर वैवाहिक संबंध आला असेल तरच धरतात. आणि 'नंतर' म्हणजे लग्नाच्या तारखेनंतर. त्याआधी कितीही वेळा भेटला असाल, उपयोग नाही. युटाच्या दृष्टीने आम्ही पक्के नवरा-बायको, व्हिसासाठी मात्र नाही. हे आईला समजावून सांगणं हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग होता. बाबा तर मधेच उठून गॅलरीत गेले.

नोव्हेंबरमध्ये बंदी उठली, डिसेंबरात तो आला. हळद झाली, सप्तपदी झाली, मग आम्ही महाबळेश्वरला गेलो. सप्तपदीचं वेगळं सर्टिफिकेट काढायचा मोह झाला होता. वकीलबाई म्हणाल्या, एका जोडप्याच्या कागदांवर लग्नाच्या दोन तारखा नकोत. त्यापेक्षा एकत्र राहिल्याचे पुरावे जमवा. म्हणून त्याचा बोर्डिंग पास जपला, पासपोर्टवरच्या शिक्क्याची झेरॉक्स काढली. हॉटेलच्या काउंटरवर मी "बिलावर दोघांची नावं लिहा" म्हणून अडून बसले, तेव्हा मॅनेजरने आम्हाला पळून आलेलं जोडपं समजून आधार कार्ड दोनदा तपासलं.

मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने सर्टिफिकेट पाहिलं आणि थेट विचारलं, "लग्नानंतर भेटलात कधी?" मी शिक्क्याची झेरॉक्स आणि हॉटेलचं बिल सरकवलं. त्याने बिलावरची तारीख पाहिली आणि माझा पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर. आईने रात्री जागून अल्बममध्ये लावलेले हळदीचे चाळीस फोटो मी पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत.