डायनोसॉरचं चित्र उगाच बदलत नाही

डायनोसॉरचा विषय निघाला की आमच्याकडं लातुरात कोणीतरी म्हणतंच, हे शास्त्रज्ञ सारखं चित्र बदलतात, मग खरं काय धरायचं? मला ऐकून राहवत नाही. कोणाच्या मनात आलं म्हणून चित्र बदलत नाही हो, दरवेळी काहीतरी हाताला लागलेलं असतं.

इग्वानोडॉन नावाच्या डायनोसॉरचंच बघा ना. १८२५ साली इंग्लंडात गिडियन मँटेलनी दातांवरून त्याला नाव दिलं, पुढं एक टोकदार हाड सापडलं ते नाकावरचं शिंग धरलं, आणि १८५४ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी पुतळे उभे केले त्यात हा गडी चार पायांवर, गेंड्यासारखा, नाकावर शिंग. मग १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार गावच्या कोळसा खाणीत ३०० मीटरहून खोल अख्खेच्या अख्खे सांगाडे निघाले आणि कळालं की ते शिंग नाहीच, हाताचा अंगठाय. लुई डोलो या शास्त्रज्ञानी ते सांगाडे कांगारूसारखे उभे केले, शेपूट खाली टेकवून. पण त्या शेपटीवर स्नायू हाडाला बांधणाऱ्या, हाडासारख्या कडक झालेल्या दोऱ्यांची जाळी आहे, बाज विणल्यासारखी, अशी शेपूट मोडल्याशिवाय वाकणारच नाही! १९८० च्या सुमारास डेव्हिड नॉर्मन या शास्त्रज्ञानी सगळं परत तपासलं तेव्हा चित्रातलं अंग जमिनीला समांतर, आडवं झालं, शेपूट मागं ताठ. पुरावा पहिल्यापासून त्याच हाडांवर होता, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

शेपूट घासल्याच्या खुणाही पावलांच्या ठशांसोबत क्वचितच सापडतात. टी रेक्सही असाच आडवा झाला. १९९६ मध्ये चीनमधून सायनोसॉरोप्टेरिक्स नावाचा डायनोसॉर पुढं आला, अंगावर पिसांसारखे तंतू असलेला, आणि २०१० मध्ये त्या तंतूंतल्या रंगकणांवरून शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे असल्याचं कळालं. आपल्या दुकानातल्या चार्टवर मात्र अजून हिरवा सरडाच.

आता आपल्या जवळचं. मराठवाड्यात पायाखाली बहुतेक सगळा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यात हाडं कुठली मिळणार. पण चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला इसिसॉरस हा लांब मानेचा डायनोसॉर सापडला, आणि तिथंच वरोऱ्याकडच्या पिजदुऱ्याला अशाच डायनोसॉरची मानली जाणारी, दगड झालेली विष्ठा सापडते. आधी डायनोसॉरच्या चित्रात गवत काढलं की ती चूक धरायचे, कारण गवत नंतर आलं असं मानायचे. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी पिजदुऱ्याच्या त्या विष्ठेत गवताचे सिलिकाचे, म्हणजे वाळूत असतो त्या पदार्थाचे, कण दाखवले. ज्वारीत शिरलं की पान हाताला कापतं ना, ते बरंचसं या सिलिकामुळंच, पान कुजून जातं पण हे कण राहतात, पोटातून जाऊनही राहतात, कोट्यवधी वर्षं राहतात. एकाच नाही, अनेक प्रकारच्या गवताचे कण होते, काही तर भाताच्या जवळच्या कुळातले.

म्हणजे जगभरच्या चित्रांत लांब मानेच्या डायनोसॉरच्या पायाशी गवत आलं ते आपल्या राज्यातल्या शेणामुळं, आणि आपल्याच पोरांना हे माहीत नाही. पाचवी-सहावीच्या पुस्तकात पिजदुऱ्याचं एक पान तरी असायला पाहिजे, चित्रासकट.