तुम्ही विचारलंत म्हणून: शिवी देणाऱ्या परीक्षार्थीला नापास करता का?

मी वैमानिकांची उड्डाणपरीक्षा घेतो. परीक्षार्थीच हवेत अंगावर आला, शिवीगाळ केली, तर त्याला नापास करता का, असं लोक हटकून विचारतात.

शिवीसाठी नाही करत. उड्डाणासाठी करतो.

मेचा पहिला आठवडा, जळगावची दुपार. सेसना १७२ या छोट्या विमानात परीक्षार्थी पोरगा डावीकडे, मी उजवीकडे. थ्रॉटल मागे घेऊन, म्हणजे इंजिनची ताकद मुद्दाम काढून घेऊन, म्हटलं, "इंजिन गेलं. उतरव." खाली नांगरून पडलेली कपाशीची काळी वावरं चहूकडे, आणि याने हिरवीगार दिसली म्हणून केळीची बाग निवडली! केळीचे खांब माणसापेक्षा उंच. त्यात चाकं अडकली की विमान उलटणार. वर नाक उचलून धरलेलं. वेग ६५ नॉट्सच्या आसपास हवा, काटा ५५ च्या खाली उतरत होता. "वेग बघ," म्हटलं, तर आईवरून शिवी आली आणि त्याच्या मुठी आणखी आवळल्या.

अशा वेळी शिवीला उत्तर द्यायचं नसतं. एकच वाक्य: "आय हॅव कंट्रोल." ते ऐकलं की हात सोडायचे, वाद जमिनीवर घालायचा, हे मी उड्डाणाआधीच प्रत्येकाला बजावतो. मी दुसऱ्यांदा म्हटल्यावर त्याने हात सोडले. नाक खाली, पूर्ण पॉवर, परीक्षा तिथेच संपली.

उतरल्यावर लगेच निकाल सांगितला नाही. त्याला पाणी पिऊ दिलं. मग त्याच्या इन्स्ट्रक्टरला समोर बसवून, दार उघडं ठेवून बोललो. निकालाच्या कागदावर फक्त चुकलेली जागा, घसरलेला वेग आणि कंट्रोल न सोडणं. शिवी वेगळ्या कागदावर, शब्दशः, वेळ टाकून, मुख्य प्रशिक्षकाकडे. दोन्ही एकत्र केलं की खरा निकालही सूड वाटू लागतो. पुढची परीक्षा दुसऱ्या परीक्षकाने घ्यावी, हेही मीच लिहिलं.

तरी ती शिवी मी क्षुल्लक मानत नाही. उद्या हा एअरलाइनमध्ये बसेल, मागे दीडशे-पावणेदोनशे माणसं असतील, आणि शेजारचा "वेग बघ" म्हणेल.

बाहेर वडील उभे होते. यावलकडचे शेतकरी, जमीन गहाण ठेवून पोराला शिकवणारे. "पोराले माफ करा साहेब." शिवी तर केव्हाच माफ केली होती. मी त्यांना कागद वाचून दाखवला, उतरायला कुठली जागा निवडली ते सांगितलं.

"केयीत?" ते म्हणाले, आणि पोराकडे वळले.