खांद्यावरचा डोमकावळा

मिरजेला दादासाठी राखी पाठवायची असली की मी डब्लिनच्या ओकॉनेल स्ट्रीटवरच्या जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टातच जाते. घराशेजारी पोस्ट आहे, पण जीपीओच्या खिडकीत कूहुलिन आहे, आयर्लंडच्या पुराणकथांमधला वीर.

ब्राँझचा पुतळा. जखमी कूहुलिननं उभ्यानं मरण यावं म्हणून स्वतःला दगडाच्या खांबाला बांधून घेतलंय. मान कलली आहे, गुडघे वाकलेत, तरी तो खाली पडलेला नाही. खांद्यावर डोमकावळा. गोष्टीत तो कावळा बसेपर्यंत शत्रूची जवळ जायची छाती होत नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या उठावात गेलेल्यांसाठीच हा घडवला असणार. नंतर कळलं, शिल्पकार ऑलिव्हर शेपर्डनं तो उठावाच्या आधीच, १९११च्या सुमारास केला होता. स्मारक म्हणून इथे बसवला तो १९३५मध्ये, स्वतंत्र आयर्लंडच्या डी व्हॅलेरांच्या सरकारनं. तेव्हापासून हा पुतळा माझ्या मनातून जात नाही.

उठावाचा एक नेता पॅट्रिक पिअर्स, त्यानं १९०८मध्ये मुलांसाठी शाळा काढली. तिच्या दर्शनी भागात हाती शस्त्र घेणाऱ्या लहानग्या कूहुलिनचं चित्र होतं आणि त्याचेच शब्द: एक दिवस नि एक रात्रच जगलो तरी चालेल, माझं नाव आणि माझे पराक्रम मागे उरले म्हणजे झालं. येताजाता पोरांच्या नजरेला हेच. २४ एप्रिल १९१६ला, ईस्टरच्या सोमवारी, पिअर्सनं याच जीपीओसमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. शाळेचे काही माजी विद्यार्थी त्याच्याबरोबर आत लढत होते. ३ मे रोजी त्याला किल्मेनमच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. गोष्ट आधीपासून तयार होती. ही माणसं तिच्यात चालत गेली.

बेलफास्टला गेले तेव्हा तर मी थबकलेच. ब्रिटनबरोबर राहू इच्छिणाऱ्यांच्या वस्तीत, भिंतीवर हाच कूहुलिन रंगवलेला, अल्स्टरचा, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताचा रक्षक म्हणून! त्यांचंही चूक कसं म्हणायचं? पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांताच्या राणी मेव्हच्या फौजेपुढे अल्स्टरची सीमा त्यानं एकट्यानं अडवली, हे त्याच गोष्टीत आहे.

उठावाच्या त्या आठवड्यात चाळीस लहान मुलंही मेली. बहुतेक याच रस्त्यांच्या आसपासची. बाहेरच्या खांबांवर गोळ्यांच्या खुणा आहेत, त्यांवर हात ठेवला की मला पिअर्सच्या आधी ती पोरं आठवतात.

त्यांच्यासाठीही कूहुलिनचीच एक गोष्ट आहे, आणि शाळेच्या भिंतीवर ती असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. समुद्रातून एक अनोळखी पोरगा येतो, कुणाला नाव सांगत नाही. अल्स्टरच्या इज्जतीसाठी कूहुलिन त्याच्याशी लढतो आणि त्याला मारतो. तो त्याचाच मुलगा, कोन्ला. मग त्याला उचलून आणतो, आपल्या लोकांपुढे ठेवतो आणि म्हणतो, अल्स्टरकरांनो, हा घ्या माझा मुलगा.