टेस्टिंगचा वेळ जातो कुठे? दहा दिवसांच्या वहीतला हिशेब

पहाटे पाचच्या नोंदण्या आमच्या हातून निसटल्या आणि त्यानंतर मी माझ्या वेळेचा हिशेब मांडायला बसले. मी पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासणारी टेस्टर म्हणून नोकरी करते. त्या वेळी आमच्याकडे एका लॅबच्या ॲपचे काम होते; लॅबचा माणूस घरी येऊन रक्ताचा नमुना घेऊन जातो, अशी ती सेवा. उपाशीपोटी करायच्या तपासण्यांसाठी लोक पहाटेची वेळ घेतात, आणि ॲपमध्ये सर्वांत पहिली वेळ पाचची होती. सर्व्हरवर वेळ यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, साठवली जात होती. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपल्याकडचे पहाटेचे पाच म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा. नमुने गोळा करणाऱ्यांची रोजची यादी तयार होताना तीच तारीख उचलली गेली आणि पाचच्या सगळ्या नोंदण्या आदल्या दिवसाच्या यादीत जाऊन पडल्या. साडेपाच आणि त्यापुढच्या वेळा बिनचूक होत्या, त्यामुळे सात-आठची वेळ घालून केलेल्या आमच्या चाचण्या पास होत गेल्या. रिलीजनंतर तक्रार आली ती एका मधुमेही आजोबांच्या घरून. रात्रीपासून उपाशी राहून ते सकाळी आठपर्यंत वाट पाहत बसले होते.

मला सर्वांत जास्त लागले ते हे की ही टेस्ट केस, म्हणजे नेमके काय तपासायचे याची नोंद, माझ्या यादीत होती. दिवसातली पहिली वेळ, शेवटची वेळ आणि मध्यरात्रीची वेळ तपासायची, असे मी स्वतः लिहिले होते. पुढे ‘वेळ उरल्यास’ असा शेराही मारला होता. बैठकीत मी प्रामाणिकपणे सांगितले, की वेळ पुरला नाही. त्यावर आमच्या मॅनेजरनी न रागावता विचारले, “मग दोन आठवडे गेले कुठे?” प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पुढच्या दोन आठवड्यांच्या टप्प्यात, मी टेबलावर एक शंभर पानी वही ठेवली आणि कामाचे दहाही दिवस दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहिली. पहिल्या दिवशी संध्याकाळी आठवून लिहिण्याचा प्रयत्न केला होता, पण आठवणीतला दिवस नेहमी भरगच्च दिसतो. म्हणून जे चालले आहे ते त्याच वेळी टिपायचे, हा नियम पाळला. शेवटी बेरीज केली तेव्हा ८० तासांपैकी प्रत्यक्ष चाचणीचे तास २१ निघाले. बैठकांमध्ये १४, बग म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष शोधून नोंदवणे आणि त्यावरच्या प्रश्नांना उत्तरे देणे यात १८, आणि उरलेले २७ तास तयारीत व वाट पाहण्यात गेले होते. स्टेजिंग सर्व्हर (रिलीजआधी चाचणीसाठी ठेवलेला सर्व्हर) बंद, बिल्ड (तपासायला दिलेली ॲपची नवी आवृत्ती) आले पण लॉगिनच होत नाही, टेस्ट डेटा संपला, अशा ओळी त्या वहीत पुन्हा पुन्हा येत होत्या.

वाचन करताना कळले, की ही विभागणी नवीन नाही. जोनाथन बाख आणि जेम्स बाख या बंधूंनी ह्युलेट-पॅकार्डसाठी काम करताना २००० साली सेशन-बेस्ड टेस्ट मॅनेजमेंट नावाची पद्धत मांडली, तिच्यात टेस्टरचा वेळ असाच तीन वाटांनी मोजला जातो: चाचणीची आखणी व अंमल, बगचा तपास व नोंद, आणि तयारी. काम साधारण ९० मिनिटांच्या अखंड सेशनमध्ये करायचे, सेशनचा हेतू आधी एका-दोन वाक्यांत लिहायचा आणि संपल्यावर कोणाशी तरी बसून काय दिसले ते बोलायचे. माझ्या वहीत २१ तासांची चाचणीसुद्धा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विखुरलेली होती, हे मला त्या वाचनानंतरच दिसले.

सुरुवात तयारीच्या तासांपासून केली. एक नोंदणी तयार करायची म्हणजे नवा रुग्ण, सेवा मिळणारा पिनकोड, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, मग टेस्ट पेमेंट. एकीला वीस मिनिटे लागत. वही दाखवल्यावर एका डेव्हलपरने एका दुपारी स्क्रिप्ट लिहून दिली, जी चाळीस नोंदण्या आपोआप तयार करते, आणि त्यात पाच, साडेपाच व मध्यरात्रीच्या वेळा कायम असतात. बिल्ड आल्यावर मुख्य गोष्टी चालतात का एवढेच पाहणारी पंधरा मिनिटांची स्मोक टेस्ट करायची आणि ती फसली तर बिल्ड तिथल्या तिथे परत करायचे, हेही ठरवले. पहिल्या दोन-तीन वेळा डेव्हलपर दुखावले, हे मान्य केले पाहिजे. पण अर्धवट बिल्डवर दिवसभर झगडून संध्याकाळी तेच सांगण्यापेक्षा पंधराव्या मिनिटाला सांगणे त्यांच्याही सोयीचे होते.

बगच्या नोंदींचे अठरा तास मात्र माझ्याच सवयीमुळे गेले होते. ‘रिपोर्ट डाउनलोड होत नाही’ एवढेच लिहून मी एक बग टाकला होता. कोणत्या बिल्डवर, कोणत्या खात्यातून, किती वाजता, असे प्रश्न येत राहिले आणि दोन दिवसांत तो तीन वेळा माझ्याकडे परत आला. आता या तिन्ही गोष्टी आणि लॉग (ॲपने स्वतः ठेवलेली घडामोडींची नोंद) जोडल्याशिवाय मी नोंद करत नाही; तिला दहा मिनिटे जास्त लागतात, पण ती परत येत नाही.

रोज सकाळी दहा ते साडेअकरा हे सेशन राखून ठेवले. चॅट बंद, फोन पालथा, अगदीच अडले तर जागेवर येऊन सांगा, असे टीमला कळवले. हेतूचे वाक्य असे असे: ‘एकाने वेळ बदलल्यावर मोकळी झालेली जागा दोन फोनवरून एकाच क्षणी घेतली तर काय होते ते पाहणे.’ त्या एका सेशनमध्ये एकाच वेळेसाठी दोन रुग्णांची नोंदणी झालेली सापडली. तुकड्यातुकड्यांच्या वेळात ती सापडली असती, असे मला वाटत नाही.

ऑटोमेशनचा, म्हणजे चाचण्या स्क्रिप्टकडून आपोआप करून घेण्याचा, सल्ला सगळेच देतात. आम्ही रिग्रेशनसाठी, म्हणजे नव्या बदलाने जुने काही बिघडले नाही ना हे पाहण्यासाठी, ते सुरू केले, पण पहिले काही महिने वाचलेला बराचसा वेळ मोडणाऱ्या टेस्ट दुरुस्त करण्यातच गेला. म्हणून ते नोंदणी आणि पेमेंट या दोन मार्गांपुरतेच ठेवले.

सर्वांत अवघड गेले ते नियोजनाच्या बैठकीत बोलणे. आमच्याकडे सगळे काम स्प्रिंटच्या आठव्या दिवशी एकदम हातात येई आणि दोन दिवसांत ते तपासून होईल का, असे विचारले की मी “होईल” म्हणत असे. आता चौथ्या दिवशी तपासता येईल असा एक तरी भाग आधी द्या, असे मी हिशेबाच्या आकड्यांसह मागते. आणि वेळ खरोखरच कमी असेल तर रिलीजच्या आदल्या दिवशी एक पान लिहून देते: काय तपासले, काय तपासले नाही, आणि जे राहिले त्यातून काय बिघडू शकते. पहिल्यांदा ते पान दिले तेव्हा त्यावर ‘नोंदणी रद्द केल्यावर पैसे परत मिळणे: तपासलेले नाही’ अशी ओळ होती. मॅनेजरनी ती दोनदा वाचली, लॅबच्या लोकांना फोन लावला आणि शुक्रवारचे रिलीज मंगळवारवर नेले.

पेमेंट कंपनीचे टेस्ट सर्व्हर अजूनही अधूनमधून बंद पडतात आणि दर स्प्रिंटला सहा-सात तास वाट पाहण्यात जातातच. ते तास मी वहीत वेगळ्या रकान्यात लिहिते, आणि पुढच्या नियोजनाच्या बैठकीत तो रकाना सर्वांत आधी वाचून दाखवते.